समोरासमोरचे बाक

४ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, तेवढ्यावर माझी भिस्त आहे. कागद पाठकोरा आहे, मागचे आकडे वाचत बसू नकोस. तुला ठाऊकच आहे, आमच्या आरोग्य खात्याच्या भांडारात कोरा कागद मागितला की तिथला माणूस असा बघतो, जसं काही त्याची किडनीच मागितली. एका बाजूने छापलेले कागद मात्र गठ्ठ्यांनी मिळतात. तुमच्या दवाखान्यालाही तेच पाठवायचो.

आई बरी आहे. कानाचं यंत्र आणलं, तर ते ती डबीत जपून ठेवते, वापरलं की खराब होईल म्हणते. फक्त रविवारी, तुझा फोन यायच्या आधी, लावून बसते. तेव्हा मी बाल्कनीत जाते. मी कुठे आहे ते तू विचारत नाहीस आणि आई सांगत नाही. तीन वर्षं हा कार्यक्रम न चुकता चाललाय.

आता कामाचं. अग्निशमन केंद्रामागच्या चार गल्ल्यांत गोवर आलाय. एकवीस मुलं. तू जिथे अठरा वर्षं लसी टोचल्यास त्याच गल्ल्या, म्हणून तुला कळवते. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुमचा तो नकाशा काय म्हणतो?" मी म्हटलं, परत मांडून बघते.

माझं काम मी तुला कधी धड सांगितलं नाही. तू त्याला लोकरकाम म्हणायचीस आणि मी चिडायचे. खरं तर तू फार चुकत नव्हतीस. भिंतीवर कार्डं लावायची: लस घेणं, भीती, दवाखान्याचं अंतर, वाट बघणं, परत येणं. मग कार्डाकार्डांत लोकर बांधायची. एक वाढलं की दुसरंही वाढतं, तिथे लाल. एक वाढलं की दुसरं घटतं, तिथे निळी. लोकर फिरत फिरत निघाल्या जागी परत आली की तो फेरा झाला. माणसांच्या सवयी, रोग, भीती, सगळं अशा फेऱ्यांत चालतं. एकीकडे ओढलं की तिसरीकडेच सैल पडतं, आणि ते कुठे सैल पडणार हे ओढण्याआधी ओळखायचं, एवढंच माझं शास्त्र. (लोकर आईच्या टोपलीतली. तिच्या स्वेटरची एक बाही त्यामुळे अजून कोपरापर्यंतच आहे.)

तीन वर्षांपूर्वीच्या नकाशावरून तुमचा दोन खोल्यांचा दवाखाना मोठ्या आरोग्य केंद्रात मिसळला. तुमच्याकडे बायका पोरं घेऊन सरासरी एक तास चाळीस मिनिटं बसायच्या, केंद्रात अकरा मिनिटांत मोकळ्या होतात. तुझा राग मला समजतो, पण तो निर्णय ऑफिसचा होता. त्या नकाशाच्या बैठकीला बोलवायच्या यादीत तुझं नाव आलं नाही तेही ऑफिसमुळेच. तेव्हा सांगितलं होतं, आताही तेच सांगते.

एकच विचारायचंय. पहिल्या डोसाला आलेली मुलं दुसऱ्याला का येत नसतील? तुला काही सुचलं तर दोन ओळी टाक. दोनच.

बारकी


१९ फेब्रुवारी

ताई,

दोन ओळी आल्या नाहीत. हरकत नाही, पोस्टावर खापर फोडते आणि पुढे लिहिते.

मी गल्ल्यांत गेले. नोंदवही घेऊन, पायात बूट घालून, मोठ्या ऐटीत. पहिल्या तीन घरांत दार अर्धंच उघडलं. चौथ्या घरी तुझी शिवणवाली भेटली. आठवते ना? मशीनवर बसल्या बसल्या सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवणारी. तिने मला आत घेतलं, खुर्चीवरचे ब्लाउज उचलून जागा केली आणि म्हणाली, "तू सिस्टरची बहीण. नाकावरून ओळखलं."

मी विचारलं, नव्या केंद्रात काय अडचण आहे?

"अडचण कसली? गेलं की टोकन, टोकन झालं की सुई, सुई झाली की बाहेर."

"मग तुमचा वेळ वाचतो ना?"

"वाचतो की. तो वाचलेला वेळ घरी बसून घाबरायला वापरतो."

मी हसले. ती हसली नाही. पाय मशीनवरून खाली घेतला आणि मला नीट समजावलं, अगदी शाळेतल्या पोरीला सांगतात तसं. गोवराची लस टोचल्यावर आठवड्याभराने काही पोरांचं अंग तापतं, एखाद्याला बारीक पुरळ येतं. नव्या आईला वाटतं, लसीनेच गोवर दिला. पुन्हा ती त्या दाराला पाय लावत नाही, आणि शेजारणीलाही लावू देत नाही. "सिस्टरच्या दवाखान्यात बाकावर बसलं की कोणीतरी म्हणायचं, अगं माझ्याही पोराला आलं होतं, दोन दिवसांत गेलं. माझी पोरं मोठी झाली तरी मी शिवण घेऊन तिथे जाऊन बसायची. काज-बटणं तिथेच करायची. किती जणींना मी हे सांगितलं असेल, देव जाणे."

मी म्हटलं, हे तुम्ही आम्हाला तेव्हा का नाही सांगितलं?

"तुम्ही विचारलंत, किती वेळ बसावं लागतं. बसून काय करता, असं कुठे विचारलंत?"

ऑफिसात येऊन आकडे काढले. तुझ्या वेळी शंभरातली अठ्ठ्याऐंशी मुलं पहिल्या डोसाला यायची आणि त्यातली चौऱ्याऐंशी दुसऱ्यालाही यायची. आता पहिल्याला चौऱ्याण्णव येतात. तो आकडा आम्ही फ्रेम करून लावलाय. दुसऱ्याला येतात एकसष्ट, आणि तो आकडा आमच्याकडे वेगळ्या विभागाच्या वेगळ्या फाइलीत असतो. दोन्ही फायली एका टेबलावर ठेवायचं काम माझं होतं.

आई विचारत होती, कोणाला लिहितेस? मी म्हटलं, ऑफिसचं आहे. यंत्र कानात नव्हतं, तरी तिला ऐकू गेलं आणि ती म्हणाली, "बरं, तिला सांग माझा गुडघा आता ठीक आहे."

गुडघा ठीक आहे.

बारकी


६ मार्च

ताई,

मुलं आता चौतीस झाली.

आज मी जुना नकाशा कपाटातून काढला. सगळा गुंडाळून ठेवला होता, लोकरीसकट. तो भिंतीवर लावला आणि "वाट बघणं" हे कार्ड शोधलं. त्यातून एक निळी लोकर "परत येणं" या कार्डाकडे जाते. म्हणजे, जितकी जास्त वाट बघावी लागेल तितक्या कमी बायका परत येतील. त्या एका लोकरीवर तुमचा दवाखाना बंद झाला. बाकीच्या चाळीस लोकरी तिथे शोभेला असाव्यात तशा होत्या.

आमच्या कामात एक नियम आहे. प्रत्येक लोकरीमागे चिठ्ठी टाचायची: हे कोणी सांगितलं? दाई, शिक्षक, औषधवाला, पोराची आई, जो कोणी असेल तो. न विचारता कोणी बांधू नये म्हणून नियम. हा नियम नव्या लोकांना मीच शिकवते, बोट वर करून.

त्या निळ्या लोकरीमागची चिठ्ठी मी उलटून बघितली. तिच्यावर माझ्या अक्षरात दोनच शब्द आहेत: "उघड आहे".

कोणालाही विचारलं नव्हतं. वाट बघायला कोणाला आवडतं, असं मनाशी म्हटलं आणि गाठ मारली. ताई, मी अर्धा तास त्या चिठ्ठीकडे बघत उभी होते. शिपाईकाका येऊन पंखा बंद करून गेले, त्यांना वाटलं खोलीत कोणी नाही.

आता जे लिहायचंय ते पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तुझं नाव ऑफिसने काढलं नाही, मी काढलं. यादी टाईप होऊन माझ्याकडे आली तेव्हा तुझं नाव तिच्यात होतं. मी रेघ मारली. सख्खी बहीण बैठकीला बसली तर लोक म्हणतील, घरचीच माणसं भरली, म्हणून मारली. मग तुला सांगायची हिंमत झाली नाही. ऑफिसने काढलं असं सांगून मोकळी झाले, आणि तेच पुन्हा गेल्या महिन्यात लिहिलं.

आता राग आला असेल तर तो योग्य पत्त्यावर येईल, एवढं तरी झालं.

दोन एप्रिलला बैठक आहे. साहेबांना सगळ्यांच्या मोबाईलवर दुसऱ्या डोसाच्या आठवणीचे मेसेज पाठवायचे आहेत. ते सोपं आहे, लगेच करता येतं, फोटोतही चांगलं दिसतं. मला त्या दोन खोल्या परत उघडून हव्यात. पण बाकावर काय चालायचं हे तिथे सांगणार कोण? मी फक्त ऐकलंय, तेही एकीकडूनच, आणि माझ्या "उघड आहे"ची आता मलाच धास्ती बसलीय.

बारकी


२२ मार्च

ताई,

हा चौथा कागद. आधीचे तीन टोपलीत गेले, त्यात मी स्वतःला फारच बरी दाखवली होती.

आधी बातमी. शिवणवालीची नात मोठ्या इस्पितळात होती. सात महिन्यांची. तिला लस द्यायचं वयसुद्धा झालेलं नव्हतं. एवढ्या लहान पोरांना भोवतालच्या मोठ्या पोरांनी राखायचं असतं. ती मोठी पोरं दोन डोस घेऊन भिंतीसारखी उभी असली की रोग आत येत नाही. यावेळी भिंतीला भोकं होती. गोवरातून न्यूमोनिया झाला, अकरा दिवस ऑक्सिजन लावला. काल घरी आली. मी भेटायला गेले तर शिवणवाली मशीनवर नव्हती, पोरीला छातीशी घेऊन भिंतीला टेकून बसली होती. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तिथे रडले, आणि उलट तिनेच मला पाणी दिलं.

म्हणून आता सगळं लिहिते. लोक काय म्हणतील हे कारण खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. यादी हातात आली तेव्हा मला लख्ख दिसलं की तू त्या खोलीत येशील, भिंतीकडे पाच मिनिटं बघशील आणि सगळ्यांसमोर म्हणशील, "बारके, हे चुकलंय." आणि ते खरं असेल. लहानपणापासून तुला माझ्या आधी कळत आलंय. माझा ताप तुला माझ्या आधी कळायचा, माझं गणित कुठे चुकलं तेही. मी इतकी शिकले, पण घरात जाणती तूच राहिलीस. मला एकदा, एका खोलीत, एका भिंतीसमोर, जाणती व्हायचं होतं. त्यासाठी मी रेघ मारली. बाकी सगळी मखलाशी.

साहेबांना मी चिठ्ठी नेऊन दाखवली. ती वाचून त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "हे बैठकीत बोलायची गरज आहे का?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "मग पुढचा नकाशा तुमच्याकडे राहील असं मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, कळलं. बाहेर आले आणि पोटभर जेवले.

ताई, तू बैठकीला ये. माफ करायला येऊ नकोस, ते तुझं तू बघ. त्या पोरांसाठी ये. तू नाही आलीस तर मी एकटी बोलेन, लोक सभ्यपणे ऐकतील आणि मेसेज पाठवायचं ठरेल. बाकावरचं जे खरं आहे ते फक्त तुला माहीत आहे. सकाळी साडेदहाला, मुख्य इमारत, दुसरा मजला. जिन्याला कठडा आहे, धरून ये.

आईला काहीच सांगितलेलं नाही. तिला सगळं ठाऊक असावं असा मला दाट संशय आहे.

वाट बघतेय.

बारकी


२७ मार्च

बारके,

आधी कागद उलट. नीट बघ आणि मग पुढे वाच.

बघितलंस? तुझीच यादी. बारा नावं, सातवं माझं, त्यावर हिरव्या पेनाची रेघ आणि शेजारी तुझी ती शेपटीवाली सही. दवाखाना बंद व्हायच्या महिन्यात तुमच्या भांडारातून पाठकोऱ्यांचा गठ्ठा आला, नेहमीसारखा. तापाच्या नोंदी लिहायला घेतला, तर वरून चौथा कागद हा निघाला. त्याच संध्याकाळी तू घरी येऊन म्हणालीस, ऑफिसने तुझं नाव घेतलं नाही गं. कागद माझ्या पर्समध्ये होता, पर्स मांडीवर होती. मी म्हटलं, बरं.

मला वाटलं, उद्या सांगशील. आठ दिवस वाट बघितली, मग बदली मागितली.

दवाखाना बंद झाल्याचा राग माझा केव्हाच गेला. दवाखाने बंद होतात, माणसं चुकतात, मीही अठरा वर्षांत काही कमी चुकले नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा हात धुवून, खुर्चीत नीट बसून उघडलं. त्यात पुन्हा तेच खोटं. फाडणार होते. फाडलं नाही, कारण आईच्या स्वेटरच्या बाहीचं वाचून हसू आलं. तिसरं वाचून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. चौथं वाचलं आणि रजेचा अर्ज टाकला.

बैठकीत सांगायचं ते आता लिहूनच देते, तिथे मी जास्त बोलणार नाही.

बाक भिंतीला लावायचे नाहीत. समोरासमोर ठेवायचे, गुडघे लागतील इतके जवळ. शेजारी शेजारी बसलेली माणसं दाराकडे बघतात. समोरासमोर बसली की एकमेकींच्या पोराकडे बघतात आणि बोलणं आपोआप निघतं. नव्या बाईला दोन जुन्यांच्या मध्ये बसवायचं. नंबर पुकारायचा नाही.

दुसरं, हे कोणालाच माहीत नाही. नवी आई आली की मी केस पेपर शोधायला वेळ लावायची. पेपर माझ्या हातातच असायचा. बाकावर तिचं बोलणं सुरू झालं, खांदे जरा खाली आले, की मग मी म्हणायची, सापडला बाई. तुझ्या त्या एक तास चाळीस मिनिटांतली निम्मी मी मुद्दाम केलेली आहेत. तुझी माणसं घड्याळ घेऊन आली तेव्हा मला आळशी समजून गेली. मी काही बोलले नाही. ती माझी चूक, आणि तीही बैठकीत सांगेन.

तिसरं. आता त्या निळ्या लोकरीच्या जागी लाल लावून मोकळी होऊ नकोस, तुला ती खोड आहे. सगळं वाट बघणं चांगलं नसतं. तापलेलं पोर घेऊन आली तिला मी एक मिनिटही बसवलं नाही. कामावरून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन आलेल्या बाईलाही नाही. कोणाला बसवायचं आणि कोणाला नाही, हे रोज माणूस बघून ठरवावं लागतं. त्यासाठी तुझ्याकडे कार्ड असेल तर लाव. चिठ्ठीवर माझं नाव लिही.

मेसेज पाठवायला माझी हरकत नाही, पाठवू देत. पण मेसेजला गुडघे नसतात, असं साहेबांना सांग.

शिवणवालीकडे मी आल्या आल्या जाणार आहे. तू बरोबर यायचंस. तिच्यासमोर गप्प बसायचं, रडायचं नाही, पोरीला मांडीवर घ्यायचं.

आता शेवटचं. यादीत माझ्या खोडलेल्या नावाखाली एका ओळीची जागा आहे. तिथे माझं नाव तुझ्या हाताने परत लिही आणि शेजारी तीच सही कर. मग तो कागद घेऊन दाराबाहेर ये आणि मला आत बोलाव. तोवर मी बाहेर बाकावर बसते. मला घाई नाही.

ताई